पेपर जर्नलला पाठवण्याआधी रेफरन्सेस कसे लावावेत

थिसिस जमा झाला, त्यातून पेपर काढायचाय, आणि गाइड सरांना तो या महिन्यात जर्नलला गेलेला हवाय. अशा अवस्थेत रेसिडेंट डॉक्टर मंडळी लायब्ररीत माझ्या टेबलापाशी येतात, तेव्हा बाकीचा मजकूर बहुतेक तयार असतो. शेवटच्या पानावर मात्र आठवडी बाजार भरलेला असतो: काही रेफरन्स थिसिसमधून उचललेले, काही गूगल स्कॉलरवरून चिकटवलेले, दोन-चार कुण्या सीनियरच्या पेपरमधले, आणि सगळे वेगवेगळ्या फाँटात. "मॅडम, एवढं फक्त फॉरमॅट करून द्या ना."

फॉरमॅट करायला वेळ लागत नाही, ते काम सॉफ्टवेअर करतं. लेखकाचं आडनाव कोणतं, वर्ष कोणतं, त्या पेपरात तुम्ही म्हणताय ते खरंच लिहिलंय का, हे मात्र कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. म्हणून मी कामाचा क्रम उलटा लावते. आधी माहिती बरोबर करायची, मग पेपर उघडून ताडून बघायचा, आणि फुलस्टॉप-कॉमा सगळ्यात शेवटी.

त्याही आधी जर्नल ठरवा. सूचना न वाचता लिस्ट करायला बसलात तर ती दोनदा करावी लागेल.

एक नाव, घरं अनेक

१९७८ साली काही वैद्यकीय जर्नल्सचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात भेटले. मॅन्युस्क्रिप्ट कसं असावं यावर एकमत व्हावं, एवढाच हेतू. १९७९ मध्ये त्यांची पहिली नियमावली छापली गेली. रेफरन्स लिहिण्याचा साचा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने, म्हणजे एनएलएमने, बसवून दिला. संपादकांचा तो गट पुढे आयसीएमजेई, म्हणजे वैद्यकीय जर्नल-संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, झाला. आपण "व्हँकुव्हर स्टाइल" म्हणतो ती ही. मजकुरात ज्या क्रमाने उल्लेख येईल त्या क्रमाने आकडे, आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. आद्याक्षरांचा क्रम नाही.

पण "आम्ही व्हँकुव्हर वापरतो" असं म्हणणारी दोन जर्नल्स शेजारी ठेवून बघा. आयसीएमजेईच्या नमुन्यात सहापर्यंत लेखक असतील तर सगळे लिहायचे, सातवा आला की पहिले सहा आणि पुढे "एट अल", म्हणजे "आणि इतर". जामा या अमेरिकी वैद्यकीय जर्नलच्या स्टाइलमध्ये सहापेक्षा जास्त झाले की पहिले तीनच आणि मग एट अल. एकीकडे पानं १९५५-६१ अशी आखडती, दुसरीकडे १९५५-१९६१ अशी पूर्ण. कुठे आकडा कंसात, कुठे चौकटी कंसात, कुठे अक्षरांच्या डोक्यावर. डोक्यावर असेल तर तो फुलस्टॉपच्या आधी की नंतर, हाही वेगळा प्रश्न.

म्हणून माझा सोपा उपाय. जर्नलच्या सूचना वाचाच, पण त्याच जर्नलच्या ताज्या अंकातला, तुमच्याच प्रकारचा एक लेख डाउनलोड करा. तुमची केस रिपोर्ट असेल तर केस रिपोर्ट, ओरिजिनल आर्टिकल असेल तर तसाच. त्यातला एक रेफरन्स पेन्सिलने फोडा: लेखक किती, जर्नलचं नाव आखडतं की पूर्ण, अंकाचा क्रमांक आहे की नाही, पानं कशी, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) आहे का. सूचनांचं पान कधीकधी जुनं राहून गेलेलं असतं, छापलेला अंक ताजा असतो. रेफरन्सेसची कमाल मर्यादाही इथेच बघून ठेवा. थिसिसमध्ये दीडशे रेफरन्स शोभून दिसतात, केस रिपोर्टला कितीतरी जर्नल्स दहा-पंधराच्या पुढे जाऊ देत नाहीत.

एक रेफरन्स जवळून

घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्यावरचा गडचिरोलीचा तो प्रसिद्ध पेपर घेऊ. कम्युनिटी मेडिसिन आणि पीडियाट्रिक्सवाल्यांच्या यादीत तो हमखास असतो. पेपरात हे सगळं अर्थातच रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत जाईल. इथे फक्त क्रम आणि खुणा बघा.

बंग एटी, बंग आरए, बैतुले एसबी, रेड्डी एमएच, देशमुख एमडी. इफेक्ट ऑफ होम-बेस्ड निओनेटल केअर अँड मॅनेजमेंट ऑफ सेप्सिस ऑन निओनेटल मॉर्टॅलिटी: फील्ड ट्रायल इन रूरल इंडिया. लॅन्सेट. १९९९;३५४(९१९४):१९५५-६१.

आडनाव आधी, मग आद्याक्षरं. आद्याक्षरांमध्ये टिंब नाही, जागा नाही. दोन लेखकांमध्ये कॉमा, शेवटच्या लेखकाआधी "अँड" नाही. लेखक पाचच, म्हणून सगळे. मग शीर्षक. त्यात पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून सगळं लहान लिपीत. जर्नलच्या नावापुढे फुलस्टॉप. वर्षानंतर सेमीकोलन, त्याला चिकटूनच व्हॉल्यूम, कंसात अंक, कोलन, पानं, फुलस्टॉप. वर्षापासून पानांपर्यंत एकही मोकळी जागा नाही. बहुतेक लोक नेमके इथे स्पेसबार दाबतात आणि ओळ संपताना आकडे तुटून खाली जातात.

आद्याक्षरं नीट का हवीत, तेही याच पेपरात दिसतं. पहिले दोन लेखक दोघेही बंग. अभय आणि राणी. आता याच मंडळींचा १९८९ चा पेपर, ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांवरचा, शेजारी ठेवा. तिथे बंग आरए पहिल्या, बंग एटी दुसरे, आणि तिसरं नाव बैतुले एम. हे बैतुले एसबी नव्हेत. "बंग वगैरे" लिहून मोकळं झालात तर वाचकाला कोणता पेपर ते कळणार नाही. या १९८९ च्या पेपराला बरोबर सहा लेखक आहेत, म्हणजे आयसीएमजेईच्या साच्यात सहाही लिहायचे आणि एट अल लावायचं नाही. सहा झाले की एट अल, असा एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या सीनियरकडून ज्युनियरकडे चालत आलाय.

या पेपरात आणखी एक गंमत आहे. प्रकाशकाच्या वेबसाइटवरून माहिती घेतलीत तर व्हॉल्यूम ३३३ दिसेल. पबमेडवर, म्हणजे एनएलएमच्या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, बघितलंत तर १. दोन्ही बरोबर आहेत. लॅन्सेट तेव्हा दरवर्षी नव्याने व्हॉल्यूम एक आणि दोन असे मोजायचं, सलग आकडे नंतर मागे जाऊन लावले गेले. वैद्यकीय जर्नलसाठी मी पबमेडचा आकडा घेते: १९८९;१(८६२९):८५-८. जुने पेपर देताना असं काही विचित्र दिसलं की पबमेड उघडा आणि तिथे जे आहे ते ठेवा. अख्ख्या यादीला एकच प्रमाण ठेवलं की वाद मिटतो.

माहिती कुठून उचलायची

पबमेडवर पेपरच्या पानावर "साइट" बटण आहे. त्यात एनएलएम आणि एएमए (म्हणजे जामाची स्टाइल), दोन्ही साचे मिळतात. एनएलएमच्या साच्यात सगळे लेखक येतात आणि शेवटी डीओआय, पीएमआयडी (पेपरचा पबमेडमधला क्रमांक) वगैरे शेपूट येतं. ते तुमच्या जर्नलप्रमाणे छाटा. गूगल स्कॉलरच्या "व्हँकुव्हर"वर विसंबू नका. तिथे जर्नलचं नाव पूर्ण येतं, तारीख महिन्यासकट येते, आणि लॅन्सेटच्या आधी "द" लागून येतो. पेपर शोधायला स्कॉलर उत्तम. रेफरन्स उचलायला नाही.

हातात अर्धवट माहिती असेल, म्हणजे जर्नल, वर्ष आणि पहिलं पान एवढंच, तर पबमेडचं "सिंगल सायटेशन मॅचर" वापरा. रकाने भरले की पेपर समोर. सीनियरच्या थिसिसमधून उचललेले रेफरन्स मी याच चाळणीतून काढायला लावते. जो सापडत नाही त्यात बहुधा वर्ष किंवा व्हॉल्यूम चुकलेलं असतं, आणि ती चूक त्या सीनियरने त्याच्या सीनियरकडून घेतलेली असते.

जर्नलच्या नावाचं आखडतं रूप मनाने करायचं नाही. एनएलएम कॅटलॉगमध्ये शोधायचं. आपण बोलताना "जापी", "आयजेएमआर", "एनईजेएम" म्हणतो, यादीत ते चालत नाही. तिथे "जे असोक फिजिशियन्स इंडिया", "इंडियन जे मेड रेस", "एन इंग्ल जे मेड" असं लागतं, आणि एनएलएमच्या पद्धतीत त्या तुकड्यांना टिंबं नसतात. ज्या जर्नलचं नाव एकाच शब्दाचं, ते आखडतच नाही: लॅन्सेट, गट, थोरॅक्स, सर्क्युलेशन.

पीडियाट्रिक्सच्या मंडळींनी इथे जास्त जपावं. "इंडियन पीडियाट्र" आणि "इंडियन जे पीडियाट्र" ही दोन वेगळी जर्नल्स आहेत. पहिलं इंडियन पीडियाट्रिक्स, दुसरं इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स. मधला एक "जे" गळला की वाचक भलत्याच अंकात जाऊन पान शोधत बसतो. आणि नाव बदललेल्या जर्नलला त्या काळचंच नाव द्यायचं: साठच्या दशकातला पेपर "बीआर मेड जे"चा (ब्रिटिश मेडिकल जर्नल), आजचा बीएमजेचा.

नावांबद्दल एक सांगते. आपल्याकडे आडनाव शेवटी असतं म्हणून निभावतं. दक्षिणेकडे आद्याक्षर आधी आणि स्वतःचं नाव नंतर असं असू शकतं, चिनी लेखकांमध्ये आडनाव पहिलं छापलेलं असू शकतं. अंदाजाने उलटापालट करण्यापेक्षा पबमेडवर ते नाव कसं नोंदलंय ते बघून तसंच ठेवा, स्वतःला पटत नसलं तरी. वाचक शोधणार आहे तो तिथेच.

सरळसोट नसलेले

ग्रुपच्या नावावरचे पेपर. कोविडमध्ये डेक्सामेथासोनचा जो मोठा ट्रायल झाला त्याचा लेखक म्हणजे "रिकव्हरी कोलॅबोरेटिव्ह ग्रुप". यादीत तेच नाव, अखंड. याच पेपरात वर्षाचाही घोळ होतो. ऑनलाइन तो जुलै २०२० मध्ये आला, छापील अंकात २०२१ मध्ये. छापील तपशील मिळाले की तेच द्यायचे: एन इंग्ल जे मेड. २०२१;३८४(८):६९३-७०४. तुमच्या झोटेरोत, म्हणजे रेफरन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तो २०२० साली पडला असेल तर अजूनही "ईपब अहेड ऑफ प्रिंट" (छापण्याआधी ऑनलाइन आलेला) म्हणूनच झोपलेला असेल. त्याला उठवा.

पान नसलेले पेपर. ऑनलाइन जर्नल्स पानांऐवजी लेखाचा क्रमांक देतात, बऱ्याचदा "ई"ने सुरू होणारा. तो कोलनच्या पुढे जसाच्या तसा. पीडीएफवर खाली "१ ऑफ ९" दिसतं म्हणून पानं १-९ लिहू नका. पुरवणी अंकात पानांच्या आधी "एस" असतो. गडचिरोलीचेच २००५ चे लेख "जे पेरिनॅटॉल"च्या २५ व्या व्हॉल्यूमच्या पुरवणीत आहेत, तिथे "२५ सप्ल १:एस" आणि मग पान. तो एस खाल्लात तर त्याच वर्षाच्या नेहमीच्या अंकातल्या कुठल्यातरी पानावर वाचक पोहोचेल.

पुस्तकं. लेखक, नाव, आवृत्ती, गाव, प्रकाशक, वर्ष. प्रकरण वापरलं असेल तर आधी प्रकरणाचा लेखक आणि प्रकरणाचं नाव, मग "इन:" लावून संपादक आणि पुस्तक, शेवटी पानं. पीएसएमचं (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) पार्क यांचं पाठ्यपुस्तक सगळ्यांकडे असतं, पण गाव लिहायची वेळ आली की हात आपोआप "न्यू दिल्ली" टाइप करतो. ते जबलपूरचं आहे. आणि आवृत्ती तुमच्या हातातल्या पुस्तकाचीच द्या, कारण आवृत्ती बदलली की पानं बदलतात. तसं बघितलं तर एखाद्या आजाराच्या आकडेवारीसाठी ओरिजिनल पेपरात पाठ्यपुस्तक देणं रिव्ह्यूअरला आवडत नाही. मूळ अहवाल द्या.

अहवाल. एनएफएचएस-५ चा, म्हणजे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, लेखक कोण? "आरोग्य मंत्रालय, नवी दिल्ली" नव्हे. लेखक इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस आणि आयसीएफ, गाव मुंबई, कारण ही संस्था आपल्या देवनारला आहे. वर्ष २०२१. "२०१९-२१" हा सर्वेक्षणाचा काळ आहे, तो शीर्षकात जातो. अहवालाच्या सुरुवातीच्या पानांत "असा उल्लेख करावा" म्हणून नमुना दिलेला असतो, तो घ्या आणि खुणा तुमच्या जर्नलच्या लावा. महाराष्ट्राचं फॅक्टशीट वापरलं असेल तर फॅक्टशीटचंच नाव द्या. अख्ख्या देशाच्या अहवालात वाचकाने महाराष्ट्राचे आकडे शोधत बसावं ही अपेक्षा बरी नाही.

शासन निर्णय किंवा इतर मराठी कागद द्यायचा असेल तर एनएलएमच्या पद्धतीत शीर्षकाचं इंग्रजी भाषांतर चौकटी कंसात लिहितात आणि शेवटी "मराठी" अशी भाषेची नोंद करतात. जीआरचा क्रमांक आणि तारीख असायलाच हवी. वेबसाइटला कधी बघितली ती तारीख आणि पूर्ण दुवा. होमपेजचा दुवा देऊन भागत नाही.

"इन प्रेस" फक्त स्वीकारलेल्या पेपरला. नुसता पाठवलेला पेपर यादीत येत नाही. प्रीप्रिंट (रिव्ह्यू होण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) देत असाल तर तो प्रीप्रिंट आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि सबमिट करण्याच्या दिवशी त्याची छापील आवृत्ती आली आहे का तेही बघा. "सरांनी तोंडी सांगितलं" हा पर्सनल कम्युनिकेशनचा प्रकार शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर नाव आणि तारीख मजकुरात कंसात, आणि त्या व्यक्तीची लेखी परवानगी. यादीत नाही.

झोटेरो, आणि त्याचे चाळे

मी झोटेरो शिकवते कारण ते फुकट आहे आणि रेसिडेन्सी संपल्यावर लायसन्स संपत नाही. एंडनोट कॉलेजने घेतलं असेल तर तेही छान. पीएमआयडी किंवा डीओआय टाकला की झोटेरो सगळे रकाने स्वतः भरतं. त्या रकान्यांकडे मात्र एकदा डोळ्यांनी बघावं लागतं.

पहिलं, संस्थांची नावं. लेखकाचं नाव दोन रकान्यांत बसलं की "वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन" छापून येतं "ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच" म्हणून, आणि वरचा रिकव्हरी ग्रुप होतो "ग्रुप आरसी". नावाच्या शेजारी एक छोटं बटण आहे, त्याने दोन रकान्यांचा एक रकाना होतो. दुसरं, शीर्षकं. काही पेपर प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू होणारे येतात. शीर्षकावर राइट क्लिक करून ते वाक्यासारखं करता येतं, पण त्या झपाट्यात मायकोबॅक्टेरियमचा एम, इंडियाचा आय, ट्रायलची नावं, सगळेच लहान होऊ शकतात. ते हाताने परत मोठे करा. तिसरं, जर्नलचं आखडतं नाव. वर्डमधल्या झोटेरोच्या डॉक्युमेंट सेटिंगमध्ये मेडलाइनची (म्हणजे एनएलएमचीच) आखडती नावं वापरायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा, तरीही बारीकसारीक जर्नल्स तपासा.

तक्त्यांचा घोळ वेगळाच आहे. नियम असा की फक्त तक्त्यात येणाऱ्या रेफरन्सचा क्रमांक, मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जिथे येतो त्या जागेप्रमाणे लागतो. पण जर्नल्स तक्ते फाइलच्या शेवटी मागतात, आणि सॉफ्टवेअर आपलं वरून खाली मोजत जातं. त्यामुळे तक्ता दोनमधला रेफरन्स, जो १२ असायला हवा, तो ३१ होऊन बसतो. उपाय साधा. लिहिताना तक्ता मजकुरात उल्लेखाच्या जागीच ठेवा. सगळं पक्कं झालं की फाइलची कॉपी करा, कॉपीत "अनलिंक सायटेशन्स" दाबा (त्याने आकड्यांचा झोटेरोशी दुवा तुटतो), आणि मग तक्ते कापून शेवटी न्या. अनलिंक मूळ फाइलमध्ये दाबायचं नाही. रिव्हिजन आली की ती जिवंत फाइल लागतेच.

सहलेखकांना आधीच सांगून ठेवा: मजकूर बदला, आकड्यांना हात लावू नका. एखादे सर फोनवर फाइल उघडून कंसातला ७ खोडून ८ करतात, आणि पुढच्या रिफ्रेशला तो परत ७ होतो किंवा दुवाच तुटतो. रेफरन्स घालायचा असेल तर कॉमेंटमध्ये पीएमआयडी द्यावा, घालणारा हात एकाचाच असावा.

आकडा कुठे, आणि तो तिथे का

आकडा दाव्याला चिकटून हवा. एका वाक्यात तीन गोष्टी म्हणायच्या आणि शेवटी "८-१५" अशी मोळी टाकायची, याने कशाला काय आधार आहे ते कळत नाही. "बंग आणि सहकाऱ्यांनी" असं नाव घेतलंत तर आकडा बहुधा नावाच्या लगेच पुढे.

आणि आता ज्याच्यासाठी मी सगळ्यात जास्त ओरडते ते. पेपर उघडा. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नव्हे, पेपर.

१९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पोर्टर आणि जिक यांचं एका परिच्छेदाचं पत्र आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या ११,८८२ रुग्णांना नार्कोटिक औषध मिळालं, त्यांच्यात आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी चारच जणांमध्ये नीट नोंदलेलं व्यसन सापडलं, इतकंच त्यात होतं. डोस किती, किती दिवस, घरी गेल्यावर काय झालं, काही नाही. पुढे हे पत्र ओपिऑइड्सचं, म्हणजे याच नार्कोटिक वेदनाशामकांचं, व्यसन लागत नाही याचा पुरावा म्हणून फिरत राहिलं. २०१७ साली त्याच जर्नलमध्ये काही संशोधकांनी मोजणी छापली. पत्राचा उल्लेख ६०८ ठिकाणी सापडला. त्यातल्या ७२ टक्के लेखांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि ८१ टक्क्यांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते एवढंही सांगितलं नव्हतं. या सगळ्यांचे कॉमा आणि सेमीकोलन बहुधा ठाकठीक असतील.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण. एल्सव्हियर या जर्नल-प्रकाशकाच्या लेखक-सूचनांमध्ये रेफरन्स कसा लिहावा याचा नमुना म्हणून व्हान डर गीर आणि आणखी दोघांचा "द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल" हा २००० सालचा लेख दिलेला असायचा. असा लेखच नाही, जर्नलही नाही. तरी शेकडो छापील लेखांच्या यादीत तो आहे. लोकांनी नमुन्याची फाइल घेतली, स्वतःचे रेफरन्स भरले आणि नमुना पुसायचा राहिला. टेम्प्लेट वापरत असाल तर आधी ते रिकामं करा.

चॅटबॉटकडून रेफरन्स मागणाऱ्यांना हेच वेगळ्या वाटेने भोगावं लागतं. लेखक खरे, जर्नल खरं, वर्षही पटण्यासारखं, आणि असा पेपर अस्तित्वातच नाही. आयसीएमजेईच्या सूचनांप्रमाणे एआयला लेखक करता येत नाही आणि एआयने तयार केलेला मजकूर मूळ स्रोत म्हणून देणंही मान्य नाही. माझी पद्धत: डीओआय डीओआय डॉट ऑर्गवर टाकायचा, शीर्षक पबमेडमध्ये टाकायचं. दोन्हीकडे तोच पेपर उघडला तर ठेवायचा, नाहीतर काढायचा. अख्खी यादी एकदम तपासायची असेल तर क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेचं "सिंपल टेक्स्ट क्वेरी" आहे. यादी चिकटवा, ते डीओआय शोधून देतं. ज्याला डीओआय मिळत नाही तो लगेच खोटा ठरत नाही, जुन्या भारतीय पेपरांना तो नसतोच अनेकदा, पण तेवढे हाताने बघा.

मागे घेतलेले पेपर तर तपासायलाच हवेत. मे २०२० मध्ये कोविड आणि हृदयविकारावरचा एक पेपर न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला, २०२०;३८२:ई१०२, आणि सर्जिस्फिअर या कंपनीचा डेटा कुणालाच तपासता येईना म्हणून जूनमध्येच मागे घेतला गेला. त्याच डेटावरचा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा लॅन्सेटमधला पेपरही त्याच सुमारास गेला. २०२० च्या मे महिन्यात थिसिसचा सिनॉप्सिस लिहिलेल्या कुणाच्याही फोल्डरमध्ये हे दोन्ही बसलेले असू शकतात. पबमेडवर अशा पेपरावर ठळक सूचना दिसते, झोटेरोही इशारा देतं, कारण ते रिट्रॅक्शन वॉचच्या मागे घेतलेल्या पेपरांच्या यादीशी ताडून बघतं. मागे घेतलेला पेपर द्यायचाच असेल, म्हणजे तो मागे घेण्याबद्दलच बोलायचं असेल, तर तसं मजकुरात लिहा आणि मागे घेतल्याची सूचनाही रेफरन्समध्ये द्या. एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, मागे घेतला गेलेला वेकफिल्डचा १९९८ चा पेपर आजही योग्य कारणासाठी दिला जातो, २०१० च्या सूचनेसकट.

पाठवल्यानंतर

रिव्ह्यूअर हमखास दोन-तीन रेफरन्स घालायला सांगतो. कधी ते खरंच राहिलेले असतात, कधी त्याचे स्वतःचे असतात. वाचून ठरवा. संबंध नसेल तर नम्रपणे दोन ओळींत कारण लिहून नकार देता येतो, त्याने पेपर मरत नाही. घातलेत तर पुढचे सगळे आकडे सरकतात, म्हणून उत्तराच्या पत्रात "नव्या यादीतला रेफरन्स १८" असं लिहा. जुना आकडा आणि नवा आकडा एकाच पत्रात मिसळले की संपादकाच्या कपाळावर आठी येते.

पेपर स्वीकारला की छपाईआधी तपासायला प्रूफ येतं, आणि प्रूफबरोबर प्रश्नांची यादी: "रेफरन्स १४ मजकुरात कुठे आहे?", "रेफरन्स २२ ला पानं द्या." उत्तर द्यायला बहुधा एक-दोन दिवसच मिळतात, म्हणून ती जिवंत फाइल हाताशी ठेवा. इथे सॉफ्टवेअर काही कामाचं नाही, सगळं पीडीएफवर खुणा करून सांगायचं असतं. चौदावा खरंच कुठे नसेल आणि काढायचा असेल, तर प्रूफवर स्वतः आकडे खोडत बसू नका. "१४ काढा, १५ पासून पुढचे मजकुरात, तक्त्यांत आणि यादीत एकाने मागे घ्या" असं एका वाक्यात लिहून द्या, आणि दुसरं प्रूफ मागा.